कार्बन नॅनोट्यूब वेगळ्या करताना खरं तर आपण साबण वेगळा करत असतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएचडीचं दुसरं वर्ष, लॅबमध्ये कोमोकॅट पद्धतीने (कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या कॅटलिस्टवर) बनवलेली सिंगल-वॉल नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या एकपदरी सूक्ष्म नळ्यांची पावडर आहे, त्यातल्या फक्त (६,५) या एकाच जातीच्या नळ्या सेन्सरसाठी वेगळ्या करून हव्यात. गाईड म्हणतात अल्ट्रासेंट्रिफ्यूजशिवाय (प्रचंड वेगाने गरगर फिरवणारं मशीन) होणार नाही, ते मशीन डिपार्टमेंटला नाही आणि शेजारच्या इन्स्टिट्यूटमधलं मिळायला दोन महिने वेटिंग. पेपर वाचले तर चार-पाच पद्धती, प्रत्येकाचं म्हणणं आमचीच सगळ्यात भारी. मग सुरुवात कुठून करायची?

मी हे काम बारा-तेरा वर्षं करतेय, आणि यातली जवळजवळ प्रत्येक पद्धत एकदा तरी वाईट रीतीने फसून झालीये, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

पहिलं म्हणजे तुमचे सर चुकीचं सांगत नाहीयेत, फक्त ते २००६ सालचं उत्तर सांगतायत. त्यानंतर बरंच पाणी पुलाखालून गेलंय. तुमच्या कामाला माझं मत विचाराल तर दोन पाण्याच्या थरांची पद्धत, तिला साधं टेबलावरचं सेंट्रिफ्यूज पुरतं. पण ती नीट करायची असेल तर मुळात या सगळ्या पद्धतीत वेगळं काय होतं हे डोक्यात बसायला हवं, कारण ते बसलं नाही की माणूस रेसिपी फॉलो करत राहतो आणि एक दिवस रेसिपी चालायची बंद होते. माझं तसंच झालं होतं, सांगते पुढे.

आता नळी. ग्राफीनचा कागद म्हणजे कार्बन अणूंच्या षटकोनांची जाळी, तिची सुरळी केली की नळी. पण सुरळीची वडी जशी सरळ गुंडाळता येते तशी तिरकीही गुंडाळता येते, आणि किती रुंद, किती तिरकी हे दोन आकडे सांगतात, एन आणि एम. (६,५) चा व्यास साधारण ०.७६ नॅनोमीटर. दोन आकड्यांची वजाबाकी केली आणि तिला तीनने पूर्ण भाग गेला तर नळी धातूसारखी वागते, नाही गेला तर सेमीकंडक्टर. म्हणून (६,५) सेमीकंडक्टर, पण (७,४) धातू, आणि दोघींचा व्यास जवळपास सारखाच आहे बघा. सगळ्या शक्यता सारख्या धरल्या तर एक तृतीयांश धातू आणि दोन तृतीयांश सेमीकंडक्टर निघतात. एवढा फरक फक्त गुंडाळण्यातला. अणू तेच, बंध तेच, कुठे जास्तीचा एक ऑक्सिजन नाही की काही नाही. मग केमिस्ट त्यांना पकडणार कशाला?

पकडतो तो साबणाला, हीच सगळी मेख आहे. नळ्या पाण्यात विरघळत नाहीत, एकमेकींना चिकटून दोरखंड करून बसतात, आणि ती चिकटण्याची ताकद एका मायक्रॉन लांबीला ५०० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरात असते, त्यामुळे नुसतं हलवून काही होत नाही. सोनिकेटरने, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या यंत्राने, दोरखंड सोडवायचा आणि सुटलेल्या नळीला लगेच साबणाचा थर चढवायचा, नाहीतर ती परत चिकटते. हा थर प्रत्येक नळीवर थोडा वेगळा बसतो. व्यास कमी-जास्त झाला की वेगळा, धातू असली की वेगळा, आणि काही साबणांना तर डावी पिळलेली आणि उजवी पिळलेली नळी यातलाही फरक कळतो. सेंट्रिफ्यूज, जेल, दोन थर, काहीही घ्या, ते मशीन नळी बघतच नाही, तिच्या अंगावरचा कोट बघतं. त्यामुळे पद्धत निवडायची म्हणजे खरं तर साबण निवडायचा.

आपल्या कामात दोन साबण सतत येतात. एसडीएस, म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट, जे शाम्पू-टूथपेस्टमध्येही असतं, लांब लवचिक शेपटी, नळीवर गवतासारखं विस्कळीत बसतं आणि सहज हलतं. आणि डीओसी, सोडियम डिऑक्सिकोलेट, हे पित्तातलं मीठ, रेणू ताठ आणि चपटा, एक बाजू पाण्याला घाबरणारी, ते नळीवर कौलांसारखं घट्ट बसतं. त्याचा भाऊ सोडियम कोलेट, स्वभावाने या दोघांच्या मधला. जवळपास अख्खी पाण्यातली सेपरेशनची दुनिया या तिघांच्या भांडणावर चालते, कोण कोणाला नळीवरून ढकलून देतंय एवढाच प्रश्न.

पण त्याच्याही आधी सोनिकेशन. इथे लोक घाई करतात आणि मग पुढच्या महिन्याभराच्या सगळ्या गोष्टी बिघडतात. पाण्याच्या टबासारख्या बाथ सोनिकेटरने हे होत नाही, द्रावात दांडी बुडवायचा प्रोबवालाच लागतो. मी १ मिलीग्रॅम प्रति मिली पावडर, २% डीओसी, बर्फात बुडवलेलं भांडं, साधारण तासभर, असं करते. बर्फ वितळत राहतो, तो बदलत राहायचा, तासभर दुसरीकडे जायचं नाही. प्रोबचं टोक टायटॅनियमचं असतं आणि ते झिजतं, टोकावर खड्डे पडलेले दिसले की आवाजही बदलतो, नेहमीच्या सुं सुं मध्ये एक चरचर येते, तेव्हा थांबून टोक तपासा. नाहीतर टायटॅनियमची भुकटी तुमच्या सॅम्पलमध्ये येते आणि सेंट्रिफ्यूजच्या तळाशी करडा थर दिसला की वाटतं वा किती कॅटलिस्ट निघाला. फार वेळ चालवलं तर नळ्या तुटून आखूड होतात आणि टोकं उघडतात. टोकं उघडली की आत पाणी शिरतं, आणि पाणी भरलेली नळी आणि रिकामी नळी यांची घनताही वेगळी आणि प्रकाशही वेगळा, रिकामी जास्त उजळ. बेल्जियममध्ये अँटवर्पच्या ग्रुपने हे फार छान दाखवलंय. म्हणजे तुमच्या हातात (६,५) म्हणून जे येतं त्यातही दोन जाती असतात, हे सुरुवातीला कोणी सांगत नाही.

हे वेगळं-वेगळं दिसायला लागलं ते २००२ पासून. त्या वर्षी अमेरिकेत राइस युनिव्हर्सिटीत स्मॉली आणि वाइसमन यांच्या लोकांनी एसडीएसमध्ये एकेकटी नळी सोडवून दाखवली आणि ती निअर इन्फ्रारेडमध्ये चमकते हे दाखवलं, मग कुठली चमक कुठल्या एन-एम ची याचा तक्ताच तयार केला. दोरखंडात अडकलेली सेमीकंडक्टर नळी चमकत नाही, कारण शेजारची धातूची नळी ऊर्जा खाऊन टाकते. त्या तक्त्याशिवाय आज आपण काय वेगळं केलं हे कळलंच नसतं. त्याच्या पुढच्याच वर्षी दोन-तीन दिशांनी सुरुवात झाली. कार्ल्सरूहला क्रुप्के वगैरेंनी एसी विजेच्या क्षेत्रात धातूच्या नळ्या इलेक्ट्रोडकडे ओढून घेतल्या. ड्यूपॉन्टमध्ये मिंग झेंग यांनी नळीवर डीएनए गुंडाळून त्या आयन एक्स्चेंज कॉलममधून, म्हणजे विद्युतभाराप्रमाणे वेगळं करणाऱ्या गाळणीतून, काढल्या. डीएनएचा मार्ग त्यांनी २००९ पर्यंत इतका पुढे नेला की अक्षरांचा योग्य क्रम निवडला तर तो एका विशिष्ट नळीला ओळखतो, आणि अशा बारा जाती वेगळ्या काढल्या, त्या टीममध्ये आनंद जागोटाही होते. फारच देखणं काम आहे पण डीएनए विकत घेऊन करायचं म्हणजे तुमच्या फेलोशिपमध्ये बसणार नाही, म्हणून पुढे जाऊ.

अल्ट्रासेंट्रिफ्यूजचं काम नॉर्थवेस्टर्नला मार्क हर्सम आणि मायकल अर्नोल्ड यांचं, २००६ चं. आयोडिक्सॅनॉल नावाचं जड द्रव्य असतं, ६०% ची बाटली मिळते, त्याचे हलके-जड थर सेंट्रिफ्यूजच्या ट्यूबमध्ये चढवायचे, मध्ये नॅनोट्यूब घालायच्या आणि रात्रभर फिरवायचं. ज्या थराची घनता आपल्या कोट घातलेल्या नळीइतकी तिथे ती जाऊन थांबते. नुसता कोलेट असला तर व्यासाप्रमाणे थर पडतात, कोलेटमध्ये थोडं एसडीएस मिसळलं की धातू आणि सेमीकंडक्टर वेगळे होतात, कारण दोन्हीवर मिश्र कोट वेगळा बसतो. बघा, मशीन तेच, वेग तोच, फक्त साबणाचं प्रमाण बदललं आणि वेगळीच सॉर्टिंग झाली. वाइसमन यांच्या ग्रुपने २०१० मध्ये सरळ रेषेतला ग्रेडियंट, म्हणजे घनतेचा चढ, न घेता वाकडा घेऊन दहा जाती काढल्या, काहींच्या तर डाव्या-उजव्याही.

दिसायला याच्यासारखं सुंदर काही नाही. पहिल्यांदा रोटरमधून ट्यूब काढली तेव्हा वर जांभळा पट्टा, खाली हिरवट, मग तपकिरी, मी दहा मिनिटं नुसती बघत बसले होते. आणि मग ती स्टँडला लावताना धक्का लागला. बँड पसरले, संपलं, अख्खी रात्र गेली. रोटर थांबताना ब्रेकही लावायचा नसतो, आपोआप हळूहळू थांबू द्यायचा, नाहीतर तोच प्रकार होतो, आणि शेअर्ड मशीनवर पुढचा नंबर असलेला माणूस दारात उभा असतो त्याला हे पटवणं हे वेगळंच काम. एका ट्यूबमधून येणार किती, तर मिलीलीटरभर फिकट द्रव, आणि तेही आयोडिक्सॅनॉल काढून टाकल्याशिवाय कामाचं नाही. दोन महिने थांबून हे करायचं का, तुम्हीच ठरवा.

जेलची पद्धत जपानची. त्सुकुबाला कातौरा आणि तानाका यांनी २००८-०९ च्या सुमारास अगारोज (समुद्री शेवाळातलं जेल) वापरलं, त्यातली एक पद्धत तर अशी की नळ्या घातलेलं जेल गोठवायचं, वितळवायचं आणि पिळायचं, धातूच्या नळ्या पिळून बाहेर आणि सेमीकंडक्टर जेलमध्येच. पनीर करतात तसं अगदी. कार्ल्सरूहच्या लोकांनी सेफाक्रिल जेल आणलं, आणि २०११ मध्ये कातौरांच्याच ग्रुपमधल्या ह्वापिंग ल्यू यांनी ओव्हरलोडची युक्ती काढली. कॉलममध्ये जेल मुद्दाम कमी, नळ्या खूप, म्हणजे जागेसाठी मारामारी होते, सगळ्यात घट्ट चिकटणारी जात जागा पटकावते आणि बाकीच्या खाली वाहून पुढच्या कॉलमला जातात, तिथे दुसऱ्या नंबरची जागा घेते, असं करत त्यांनी तेरा जाती वेगळ्या केल्या. इथेही साबणच. एसडीएसचा थर विरळ असतो, मध्ये मध्ये उघडी जागा राहते, त्या उघड्या जागेने नळी जेलला धरते. धातूच्या नळीवर थर दाट बसतो म्हणून ती न थांबता निघून जाते. मग डीओसीचं पाणी सोडलं की ते नळीवर घट्ट बसतं आणि तिला जेलपासून सोडवतं.

हे करायला फॅन्सी कॉलम लागत नाही. १० मिलीची साधी सिरिंज, खाली कापसाचा बोळा, वर जेल. जेल २०% अल्कोहोलमध्ये येतं, ते आधी धुवून एसडीएसच्या पाण्यात आणायचं, हे विसरलात तर पहिल्याच थेंबाला नळ्यांची काळी गुठळी वर अडकते. आणि तापमान सांभाळायचं, कारण एसडीएसचा थर तापमानाने बदलतो आणि त्याबरोबर कोण चिकटणार तेही बदलतं, कातौरांच्या लोकांनी पुढे हेच हत्यार म्हणून वापरलं. आपल्याकडे एप्रिलात दुपारी केलेला कॉलम आणि डिसेंबरात सकाळी केलेला कॉलम हे दोन वेगळे प्रयोग आहेत.

आता तुमच्यासाठीची पद्धत. दोन वेगवेगळे पॉलिमर पाण्यात पुरेसे घातले तर पाण्याचेच दोन थर पडतात, तेल-पाण्यासारखे, पण दोन्ही पाणीच. स्वीडनमध्ये अल्बर्टसन यांनी १९५० च्या दशकात प्रोटीन आणि पेशींचे भाग वेगळे करायला हे आणलं. नॅनोट्यूबला ते २०१३ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमाप-मानकांच्या सरकारी संस्थेत ख्रिपिन, फेगन आणि झेंग यांनी लावलं. झेंग म्हणजे तेच डीएनएवाले. पॉलिमर दोन, पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) साधारण ६ हजार डाल्टनचं आणि डेक्स्ट्रान (साखरेची लांब साखळी) ७० हजारचं, डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप, शेवटच्या मिश्रणात दोन्ही ६-६ टक्क्यांच्या आसपास. वर पीईजीचा थर, खाली डेक्स्ट्रानचा. डीओसीचा कोट घातलेली नळी खाली जाते, एसडीएसचा कोट घातलेली वर. दोन्ही साबण एकत्र घातले की प्रत्येक नळीवर त्यांची रस्सीखेच चालू होते, आणि कुठल्या प्रमाणाला कोण जिंकणार हे नळीच्या व्यासावर आणि गुंडाळण्यावर ठरतं. म्हणून डीओसी एका जागी धरून एसडीएस थोडं थोडं वाढवत गेलं की एकेक जात उडी मारून वर येते. (६,५) वर आली की वरचा थर जांभळा होतो. त्यासाठी स्पेक्ट्रोमीटरही लागत नाही, डोळ्याला दिसतं.

करताना काय होतं ते सांगते. डेक्स्ट्रानचा स्टॉक २०-२५ टक्क्यांचा करायचा, तो काकवीसारखा जाड होतो, पिपेटने मापला की दर वेळी वेगळा येतो कारण अर्धा टिपला चिकटलेला असतो. टिपचं टोक कापा आणि व्हॉल्यूमने नाही, वजनाने घ्या. हा स्टॉक म्हणजे साखरच, आठवडाभर बाहेर राहिला की बुरशी तरंगते, फ्रीजमध्ये ठेवा. एसडीएसचा स्टॉक मात्र फ्रीजमध्ये ठेवू नका, तो थंडीत बाहेर पडतो, एसी १८ वर असलेल्या खोलीतही सकाळी बाटलीच्या तळाशी पांढऱ्या सुया दिसतात. त्या दिसल्या की कोमट पाण्यात बाटली धरून पूर्ण विरघळवूनच वापरा, वरचं वरचं नितळ घेऊ नका, कारण मग तुमचं १०% खरं किती टक्के आहे कोणालाच माहीत नसतं.

सगळ्यात कॉमन चूक हिशेबाची आहे. समजा तुम्हाला शेवटी डीओसी ०.०५% हवंय आणि तुमच्या नळ्या २% डीओसीमध्ये आहेत. १ मिलीच्या मिश्रणात २५ मायक्रोलीटर घातले की तिथेच ०.०५% झालं, त्यापुढे प्रत्येक थेंब तुमचं गणित बिघडवतो. लोक १०० घालतात कारण रंग फिका दिसतो म्हणून, आणि मग डीओसी ०.२% होऊन सगळ्या नळ्या खाली बसून राहतात आणि एसडीएस कितीही ओतलं तरी वर येत नाहीत. त्यामुळे आधी नळ्या फिल्टरवर दाट करून कमी डीओसीच्या पाण्यात आणा, मग सुरू करा.

एका उडीत शुद्ध (६,५) येत नाही, हेही आधीच सांगते. पहिल्या वरच्या थरात शेजारच्या दोन-तीन जाती असतातच. म्हणून नळ्या न घातलेलं, बाकी सगळं तसंच असलेलं एक मोठं मिश्रण करून ठेवायचं, त्याचे वरचे आणि खालचे कोरे थर वेगळे बाटलीत भरायचे. वरचा जांभळा थर काढला की त्याला कोरा खालचा थर द्यायचा, हलवायचं, टेबल सेंट्रिफ्यूजला एक-दोन मिनिटं फिरवायचं, परत काढायचं. कपडे खळबळतो तसं दोन-तीन वेळा. मधल्या सीमेवर एक पातळ काळी कातळी दिसते, ती दोरखंड झालेल्या नळ्यांची, ती पिपेटमध्ये येऊ देऊ नका, वरचा शेवटचा मिलीमीटरभर सोडून द्यायला शिका. लोभ केला की शुद्धता गेली.

आणि आता माझी फजिती. पहिल्या वर्षी मला कोणीतरी सांगितलं पीएच सांभाळ, म्हणून मी कपाटात होता तो पोटॅशियम फॉस्फेट बफर घातला. दोन मिनिटांत दूध फाटल्यासारखं पांढरं. मला वाटलं नळ्या खराब, परत सोनिकेट केलं, परत तेच, असे जवळजवळ तीन आठवडे गेले. पोटॅशियम डोडेसिल सल्फेट खोलीच्या तापमानाला पाण्यात फारसं विरघळत नाही, एवढी साधी गोष्ट. बारावीत सोल्युबिलिटी शिकून काय उपयोग झाला. सोडियमचे क्षार वापरा, पोटॅशियमला त्या टेबलावर येऊ देऊ नका. डीओसीची उलटी खोड आहे, पीएच आठच्या खाली जायला लागला की ते जेल होतं किंवा बाहेर पडतं.

मोठी फजिती नंतरची. तीन वर्षं माझी रेसिपी घड्याळासारखी चालत होती, मग एका सोमवारी वरचा थर जांभळा व्हायच्या ऐवजी हिरवट-करडा, सगळी भेळ. नळ्या त्याच, डेक्स्ट्रान तेच, मीच केलेलं. पाच-सहा दिवस मी स्वतःवर शंका घेतली. बदललेली एकच गोष्ट होती, एसडीएसची नवी बाटली उघडली होती. एसडीएसमध्ये शेपटीच्या लांबीची भेसळ असू शकते, आणि ते जुनं किंवा ओलं झालं की त्यातून डोडेकॅनॉल सुटतं, त्याने कोट बदलतो आणि उडी मारायचा आकडा सरकतो. त्या दिवसापासून नवी बाटली आली की आधी छोट्या ट्यूबमध्ये मालिका लावते, डीओसी ०.०५% ला धरून एसडीएस ०.५ पासून १.५ टक्क्यांपर्यंत, आठ-दहा ट्यूब, प्रत्येकीत १ मिली. जुन्या पेपरमधला आकडा हा त्यांच्या बाटलीचा आकडा असतो. तुम्हालाही हीच मालिका पहिल्या आठवड्यात करायची आहे, बाकी काही नाही.

पॉलिमरच्या मार्गाबद्दल लिहिलं नाही तर कोणीतरी विचारेलच. पाणी सोडून टोल्युइन या सॉल्व्हंटमध्ये, साबणाच्या जागी पॉलिफ्लुओरीन नावाचा पॉलिमर. ऑक्सफर्डला निकोलस यांच्या ग्रुपने २००७ मध्ये दाखवलं की पीएफओ, म्हणजे पॉलिफ्लुओरीनचाच एक प्रकार, काही ठराविक सेमीकंडक्टर नळ्यांनाच गुंडाळतं आणि धातूच्या नळ्या तळाला जातात. नंतर त्याचंच बदललेलं रूप पीएफओ-बीपीवाय आलं, ते कोमोकॅटमधून (६,५) उचलतं, आणि हायडेलबर्गला झाउमझाइल यांच्या ग्रुपने २०१६ मध्ये सोनिकेटरच्या जागी मिक्सरसारखं जोरात ढवळणारं यंत्र वापरून लांब नळ्या मिळवल्या. ट्रान्झिस्टर करायचे असतील तर डोळे झाकून हा मार्ग घ्या, एका पायरीत काम होतं. तोटा असा की पॉलिमर महाग, पावडरमधल्या बहुतेक नळ्या तळालाच राहतात, आणि गुंडाळलेला पॉलिमर नंतर पूर्ण निघता निघत नाही, तो कॉन्टॅक्टमध्ये आडवा येतो. पाण्यात किंवा पेशींजवळ वापरायचं असेल तर टोल्युइनमधून पाण्यात आणणं हा परत वेगळा व्याप. तुमचं काम सेन्सरचं दिसतंय, म्हणून मी पाण्यातच राहा म्हणते.

एक शंका सगळ्यांना येते, हे निवडत बसण्यापेक्षा एकच जात उगवता येत नाही का. प्रयत्न जोरात आहेत, पेकिंग युनिव्हर्सिटीच्या यान ली यांनी २०१४ मध्ये टंगस्टन-कोबाल्टच्या कॅटलिस्टवर ९२% (१२,६) उगवून दाखवली, पण ९२ आणि चिपला लागणारा आकडा यात फार अंतर आहे. २०१९ मध्ये एमआयटीने नॅनोट्यूबचा १६ बिटचा प्रोसेसर केला, १४ हजारांवर ट्रान्झिस्टर, तेव्हा त्यांनी सर्किटच असं आखलं की ९९.९९% शुद्ध नळ्या चालतील, नाहीतर ९ च्या आकड्यांची रांग त्याच्या दुप्पट लागली असती. २०२० मध्ये पेकिंगच्याच दुसऱ्या ग्रुपने पॉलिमरने पुन्हा पुन्हा निवडून ९९.९९९९% च्या वर नेलं. म्हणजे अजून तरी चाळणीला पर्याय नाही.

शुद्धता मोजण्याबद्दल जरा भांडायचंय. (६,५) साठी प्रकाश शोषणाचे शिखर ९७५-९८० नॅनोमीटरला आणि दुसरं ५७० च्या आसपास, साबणाप्रमाणे पाच-दहा इकडे तिकडे. शेजारणींकडे लक्ष ठेवा. (८,३) चमकते ९५२ ला, (७,५) १०२४ ला, (६,४) ८७३ ला, आणि (९,१) ९१२ ला. (९,१) विशेष आहे, कारण तिचा आणि (६,५) चा व्यास गणिताने तंतोतंत एकच येतो, ३६ अधिक ३० अधिक २५ म्हणजे ९१, आणि ८१ अधिक ९ अधिक १ म्हणजेही ९१. नुसत्या व्यासावर चालणारी कुठलीही पद्धत या दोघींना वेगळं करू शकत नाही, आणि तुमचा नमुना खरंच वेगळा झालाय का हे बघायला ९१२ ची चमक हीच उत्तम परीक्षा. मात्र चमकेवरून ९९% शुद्ध असं कोणी लिहिलं असेल तर विश्वास ठेवू नका, धातूच्या नळ्या चमकतच नाहीत, त्या भरपूर असल्या तरी चमकेच्या नकाशात दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी प्रकाशाचं शोषणच बघावं लागतं, रामनमध्ये (लेझरचा विखुरलेला प्रकाश बघायची पद्धत) दोन-तीन वेगळे लेझर लागतात, कारण एक लेझर ज्या नळ्यांशी जुळतो त्याच दाखवतो. आणि ९९ च्या पुढचे ९ मोजायला शेवटी हजारो ट्रान्झिस्टर करूनच मोजतात, दुसरा उपाय नाही.

एकदा माझ्याकडे एक ज्युनियर रडवेली होऊन आली, म्हणाली ताई सगळं गेलं, ९८० चं शिखर कालपर्यंत होतं आज सपाट. बाटली बघितली तर रंग तसाच, जांभळा. एसडीएसमधल्या नळ्या, झाकण नीट नाही, पीएच उतरलेला. हवेतला ऑक्सिजन आणि थोडं आम्ल मिळून नळीतून इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि पहिलं शिखर पुसलं जातं, नळी तिथेच असते. सोडियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकला, थोडा वेळ थांबलो, शिखर परत. डीओसीमध्ये ठेवलं असतं तर हे जवळपास झालंच नसतं, कौलं घट्ट असतात ना. म्हणून वेगळ्या झालेल्या नळ्या शेवटी १% डीओसीमध्येच आणून ठेवायच्या. त्यासाठी १०० हजार डाल्टनच्या फिल्टरवर डीओसीचं पाणी घालून पुन्हा पुन्हा गाळा, पीईजी पटकन जातं, डेक्स्ट्रान सावकाश, कंटाळा येतो पण दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

मालिका लावली की दहाही ट्यूब एका ओळीत ठेवून मागे पांढरा कागद धरून फोटो काढा, मोबाइल पुरतो, आणि वरच्या थराचे स्पेक्ट्रम ४०० ते १३०० पर्यंत घ्या. ते इथे टाका, मी बघते. सोबत एसडीएसची बाटली कुठल्या महिन्यात उघडलेली आहे तेही लिहा.